तिसऱ्या दालनातलं एक वाक्य

शाळेतून निवृत्त झाल्यावर वर्षभराने वारसा मंडळाचे अध्यक्ष घरी आले. त्यांची जळगावात डाळमिल आहे. घराणं मूळचं मारवाडातलं, पण आता त्यांना मारवाडी नीट बोलता येत नाही, असं तेच हसून सांगतात. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, म्हणून ते मला बाई म्हणतात.

"बाई, फलक तुम्ही लिहून द्या," ते म्हणाले. "प्राध्यापक लोक लिहितात ते मला कळत नाही. मग आखाजीला माहेरी आलेली बाई लेकरं घेऊन बघायला आली, तिला काय कळणार?"

मंडळाने इंग्रजांच्या काळातला एक डाक बंगला दुरुस्त करून घेतला होता. मुख्य कार्यालय धुळ्याला, संग्रहालय जळगावात. कौलारू छप्पर, रुंद व्हरांडा, आत चार खोल्या. खोल्यांना आता दालनं म्हणायचं ठरलं होतं. पहिल्यात कापूस, दुसऱ्यात रेल्वे आणि बाजारपेठा, चौथ्यात स्वातंत्र्याची चळवळ. तिसऱ्यात काय ठेवायचं हे बरेच दिवस ठरत नव्हतं. शेवटी कुणीतरी म्हणालं, माणसं ठेवू. म्हणजे त्या काळात इथे कोण कसं राबलं, ते.

त्या दालनाची माहिती गोळा करायचं काम मंडळाने कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एका तरुण बाईंना दिलं होतं. ती चोपड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, भिल्ल घरातली. मी तिला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करते आणि ती मला मॅडम म्हणते. तिने गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून वेठीच्या आठवणी जमवल्या होत्या. इंग्रज साहेब हिवाळ्यात दौऱ्यावर निघाला की त्याचे तंबू, पेट्या, सरपण, घोड्यांचा चारा वाहायला माणसं लागत. गावोगावच्या भिल्ल वस्तीतून ती धरून आणत. मजुरी नाही. नाही म्हणायची सोय नाही. आठवणी सांगणाऱ्यांनी हे स्वतः भोगलेलं नव्हतं, आजा-पणजाकडून ऐकलेलं होतं, आणि ती तसं स्पष्ट लिहीत असे.

एका दुपारी आम्ही दोघी व्हरांड्यात डबा खात होतो. तिने सहज विचारलं, "मॅडम, तुमच्या धरणगावकडे असं काही ऐकलंय का कधी?"

मी म्हटलं, "आमच्याच विहिरीचं आहे."

आणि सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, कारण आमच्या घरात ते कधी कुणी लपवलं नाही. माझे पणजोबा गावचे पाटील. साहेबाला वेठीची माणसं पुरवायचं काम त्यांच्याकडे. साहेब निघून गेला की तीच माणसं ते आणखी काही दिवस ठेवून घेत आणि आपल्या शेतातली विहीर खोदून घेत. खोदताना एकदा कड ढासळली. खाली माणसं होती, ती वर आली नाहीत. किती होती, हे आमच्याकडे कुणी सांगितलं नाही, बहुधा कुणाला माहीतही नसावं. विहिरीला पाणी मात्र चांगलं लागलं.

मी लहान असताना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी घागर भरायचे. नवी घागर, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, पितरांच्या नावाने पुरणपोळी आणि आमरस. घरच्या पितरांचं झालं की आई आणखी एक ताट वाढायची. ते विहिरीवरच्या एका दगडावर नेऊन ठेवायचं. वस्तीतला एक म्हातारा भिल्ल यायचा, ताट उचलायचा आणि निघून जायचा. आमच्याशी बोलायचा नाही. मी वडिलांना विचारलं होतं, हे ताट कुणाचं? ते बैलाला पाणी दाखवत होते. म्हणाले, "त्येसना माणसे गयात या इहिरमा." त्यांची माणसं गेली या विहिरीत. एवढंच. आवाजात काही नव्हतं, ना लाज ना दुःख. वीज कुठे पडली ते सांगावं तसं सांगितलं. पुढे तो म्हातारा वारला, त्याची मुलं कामाला सुरतेकडे गेली आणि ताट बंद झालं.

ती ऐकत होती. हातातला घास तसाच राहिला होता. मग म्हणाली, "मॅडम, हे लिहायचं का?"

"लिहू की," मी म्हटलं.

तो मजकूर मीच लिहिला. गावाचं नाव घातलं नाही, घराण्याचं तर नाहीच. धरणगाव तालुक्यातली एक विहीर, एवढंच. साहेबाची वेठ लिहिली, पाटील माणसं पुरवत हे लिहिलं, त्याच माणसांकडून काही ठिकाणी खासगी विहिरी खोदून घेतल्या हे लिहिलं. शेवटचं वाक्य असं होतं: 'याला वेठ म्हणत; खरं पाहता ती गुलामीच होती.' अर्धविराम घालावा की पूर्णविराम, यावर मी बराच वेळ घालवला. वाक्याच्या अर्थावर घालवला नाही. तो मला सरळ वाटला.

उद्‌घाटन चांगलं झालं. लोकांनी कापसातली सरकी काढायच्या जुन्या यंत्रासमोर फोटो काढले. तिसऱ्या दालनात लोक फार थांबत नव्हते, पण जे थांबत ते शेवटपर्यंत वाचत. दोनेक आठवड्यांनी कुणीतरी त्या फलकाचा फोटो काढला, 'पाटील' आणि 'गुलामी' या दोन शब्दांभोवती लाल गोल केले आणि मोबाईलवर सोडून दिला. संध्याकाळपर्यंत तो माझ्याकडेच चार ठिकाणांहून आला.

सकाळी भावाचा फोन. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण गावात सगळे त्याला भाऊ म्हणतात, म्हणून मीही भाऊच म्हणते. शेती तोच बघतो. केळी, कापूस, सगळीकडे ठिबक. जिल्हा परिषदेची निवडणूक येणार येणार म्हणत होते आणि त्याला तिकीट हवं होतं.

"अक्का, तो फळा तू लिखेल शे का?"

"हो."

"हाई काबर लिखं तू?" त्याचा आवाज चढलेला नव्हता. हे का लिहिलंस, असं खरोखर विचारत होता. "आपला आजाना बापले गुलाम ठेवनारा करी टाकं."

"नाव नाहीये त्यात."

"नाव नही ते काय? धरणगाव तालुकामा इहिर म्हनी का बठ्ठासले समजस. माले लोके इचारी राहिनात."

सगळ्यांना समजतं, लोक मला विचारताहेत. मी म्हटलं, "मग सांग त्यांना. खरं आहे ते."

तो म्हणाला, "खरं शे ते माले बी माहीत शे," आणि फोन ठेवला. मी कढई गॅसवर ठेवली होती, ती करपली. आमच्या यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, कुणाचा फोन? भावाचा, म्हटलं. काय म्हणतो? मी म्हटलं, काही नाही, फलकाचं. ते परत पेपर वाचायला लागले. मी कढई घासली.

त्यानंतर मंडळावर लोक यायला लागले. सगळ्यांत आधी आमच्याच भागातले काही शेतकरी आणि पुढारी आले. त्यांचं म्हणणं, फलकामुळे पाटील घराण्यांची बदनामी होते. वेठ लावली इंग्रजाने, पाटलाच्या मानेवर कलेक्टरचा हुकूम, त्याने काय करायचं होतं? त्यात खोटं काहीच नव्हतं. पाटलाने माणसं दिली नसती तर पाटीलकी गेली असती. पण विहीर कलेक्टरच्या हुकमाने खोदली नव्हती, हे त्यांना कुणी म्हटलं नाही. मीही तिथेच बसले होते.

मग दुसरे आले. त्यांचा आक्षेप अख्ख्या बंगल्यावर होता. ही वास्तूच गुलामीची खूण आहे, इंग्रज साहेबाची खुर्ची आणि तसबीर तुम्ही काचेत ठेवता, लाज वाटत नाही? दीडशे वर्षं आपण गुलामीत होतो, असं त्यांचे पुढारी व्हरांड्यात उभे राहून मोठ्याने म्हणाले. मोबाईलवर त्याचं चित्रण होत होतं. तिसऱ्या दालनाबद्दल कुणी विचारलं तेव्हा ते म्हणाले, तोही शब्द काढा, आपल्याच माणसांत भांडणं लावणारा शब्द आहे.

ती माझ्या शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "म्हणजे गुलामीत सगळे होते, फक्त गुलाम कुणी नव्हतं."

मला तेव्हा हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तिसरे आले ते तिचेच लोक. भिल्ल तरुणांची एक संघटना, त्यातले दोघे तिचे जुने विद्यार्थी. त्यांनी लेखी काही आणलं नव्हतं, बसून बोलले. "ताई, आमच्या पोरांनी शाळेच्या सहलीला येऊन हे वाचायचं का? आपण गुलाम होतो म्हणून? आपले लोक इंग्रजांशी लढले, डोंगरातून वर्षानुवर्षं लढले. ते लिहा ना."

"तेही लिहिलंय," ती म्हणाली. "चौथ्या दालनात आहे."

"मग तिसऱ्यातला शब्द कशाला पाहिजे?"

तिने खूप समजावलं. ज्यांना धरून नेलं त्यांची त्यात लाज नाही, धरणाऱ्यांची आहे, असं म्हणाली. त्यांनी ऐकून घेतलं, पाया पडून गेले, पण जाताना म्हणाले, शब्द काढाच. त्या दिवशी ती डबा न उघडता घरी गेली.

अध्यक्षांनी आम्हाला दोघींना बोलावलं. ते दमलेले दिसत होते. वाईट माणूस नाही तो. बंगल्याच्या कौलांसाठी त्यांनी स्वतः मंगळुरूपर्यंत चौकशी केली होती. म्हणाले, "बाई, एक बघा. तिन्ही बाजू आपसांत एका शब्दावर सहमत नाहीत. पण हा शब्द नको यावर तिघांचं एकमत आहे. मी काय करू?"

धुळ्याला बैठक ठरली. सगळ्यांना बोलवायचं आणि एकदाच निकाल लावायचा.

आम्ही दोघी सकाळच्या एसटीने निघालो. ती खिडकीशी बसली होती. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. रस्त्याच्या कडेला कापूस वेचून झालेल्या पळाट्या उभ्या होत्या. मध्येच ती म्हणाली, "माझ्या आईला मी सांगितलं, असा असा वाद चाललाय. ती म्हणाली, शब्द कशाला शोधता, वेठ तर वेठ. पण वेठ म्हटलं की आता कुणाला काही होत नाही ना मॅडम. वेठीला धरलं, असं आपण कशालाही म्हणतो. संपामुळे प्रवासी वेठीला. म्हणून मला तो दुसरा शब्द बरा वाटला होता."

मी म्हटलं, "मला वाक्य म्हणून बरं वाटलं होतं."

ती हसली. त्या सगळ्या महिन्यांत ती हसलेली मला तेवढीच आठवते.

धुळ्याच्या कार्यालयात लांब टेबल होतं. समोर तिन्ही गटांचे लोक. पहिल्या गटात माझा भाऊ बसला होता. तो येणार हे त्याने मला सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मला पाहून त्याने मान हलवली. चहा आला तेव्हा त्याने कप माझ्याकडे सरकवला, कारण मला बिनसाखरेचा लागतो हे त्याला माहीत आहे.

बरंच बोलणं झालं. शेवटी अध्यक्षांनी थेट विचारलं, "धरणगावकडच्या विहिरीची ही गोष्ट आहे. तिकडचे तुम्ही लोक इथे बसला आहात. असं काही तुमच्याकडे ऐकिवात आहे का?"

सगळे भावाकडे बघायला लागले. तो म्हणाला, "नाही." बैठकीत तो शुद्ध बोलतो. "मी जन्मापासून तिथे आहे. असं काही ऐकलेलं नाही."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बाई?"

मी म्हणाले, "ताट ठेवत असत. मी पाहिलंय. वडिलांनी सांगितलंय."

"अक्का लहान होती," भाऊ म्हणाला. मोठ्या प्रेमाने म्हणाला. "पितरांची ताटं बऱ्याच ठिकाणी ठेवतात. लहानपणी माणूस एखादी गोष्ट मनात धरतो."

खोलीतले काही जण समजुतीने हसले. मी त्याच्याकडे बघत होते. मला राग येईल असं वाटलं होतं. रडू येईल असंही वाटलं होतं. यापैकी काही झालं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असून आपला नसतो, तसं काहीतरी होतं. भावाच्या कपाळावरच्या गंधाचा एक थेंब भुवईपर्यंत ओघळून वाळला होता. तो पुसावा असं मात्र मला वाटत होतं.

ती बोलली. थोडंच बोलली. "सरांनी ऐकलं नसेल. मॅडमनी ऐकलंय. माझ्याकडच्या म्हाताऱ्यांनी दुसऱ्या गावांचं असंच सांगितलंय. मग 'असं सांगतात' म्हणून तरी ठेवा." तिच्या बाजूने मी हात वर केला. आमचे दोनच हात होते.

नवा मजकूर कसा असावा यावर चर्चा झाली. कुणी म्हणालं, सक्तीचं काम लिहा. सक्ती नको. मग कष्ट लिहा. कष्ट फारच मोघम. त्यावर पाटील मंडळींतले एक वयस्कर गृहस्थ, इतका वेळ गप्प बसलेले, म्हणाले, "श्रमदान लिहा ना. गावाची विहीर, गावाने मिळून खोदली." आणि तो शब्द सगळ्यांना आवडला. तरुणांनासुद्धा, कारण दान देणारा कुणाचा गुलाम नसतो. आवडला म्हणजे काय, त्यावर कुणी हरकत घेतली नाही, आणि लोकांना जेवायला जायचं होतं.

बाहेर आल्यावर ऊन होतं. आम्ही स्टँडकडे निघालो तर भाऊ गाडी घेऊन पुढे आला. "अक्का, बस. मॅडमले बी सांग. यस्टीमा कोठे धक्का खाशात."

मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "चला." मला वाटतं ती खूप थकली होती. किंवा तिला त्याच्याशी बोलायचं असेल.

मी पुढे बसले, ती मागे. गार हवा लागत होती. भावाने गाणी लावली, मग आपणच बंद केली. पारोळ्याला त्याने गाडी थांबवून गरम भजी आणली, पहिला पुडा मागे तिला दिला. खूप अदबीने वागत होता. पुन्हा निघाल्यावर आरशात बघून म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? ताट एक वर्षी मी स्वतः नेऊन ठेवलंय. अक्काला कांजिण्या आल्या होत्या."

हे मला आठवत नव्हतं. पण कांजिण्या आल्या होत्या.

"मग तिथे का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"तिथे सांगायची गोष्ट नाही ती. आमच्या घरची गोष्ट आहे. घरात आम्ही कधी नाही म्हटलं का? अक्काला विचारा. पण चार लोकांत, भिंतीवर... घरातली गोष्ट भिंतीवर लावतात का?"

ती म्हणाली, "भाऊ, आमच्याही घरचीच आहे ती."

त्याने गाडीचा वेग कमी केला, म्हणजे आता थांबवून काही बोलेल असं मला वाटलं, पण पुढे फक्त एक उसाची बैलगाडी होती. ती ओलांडून तो परत वेगात निघाला. एरंडोलच्या पुढे तो पावसाबद्दल बोलला, केळीच्या भावाबद्दल बोलला. मी हं हं करत होते. जळगावात त्याने तिला तिच्या दारापर्यंत सोडलं. ती थँक्यू भाऊ म्हणाली आणि फाटक लावून आत गेली.

दुसऱ्या आठवड्यात तिने सल्लागार म्हणून राजीनामा दिला. पत्रात कारण लिहिलं नव्हतं, पण मला फोन करून सांगितलं. "तुम्हीही द्या असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. मी दिला नाही. का दिला नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. लढायचं होतं म्हणून थांबले असं नाही. घाबरले असंही नाही. सकाळी उठून बंगल्यावर जायची सवय झाली होती आणि ती मोडायला जोर लागला असता, तो माझ्याकडे नव्हता.

म्हणून नवा मजकूर तपासायला माझ्याकडेच आला. 'त्या काळी खेडोपाडी लोकांनी श्रमदानातून विहिरी, रस्ते, विश्रामगृहे उभारली.' विश्रामगृहेमधला श्रा टाइपात तुटलेला होता, तो मी नीट करून दिला. 'उभारली' की 'बांधली' असं छपाईवाल्याने विचारलं. मी म्हटलं, विहीर बांधतात, खोदतात, उभारत नाहीत. त्याने 'बांधली' केलं. फलक लागला. खाली डाग दिसू नये म्हणून तो आधीच्यापेक्षा थोडा मोठा केला होता.

त्या हिवाळ्यात शाळांच्या सहली आल्या. पहूरच्या एका शाळेची सहल मी स्वतः फिरवली. तिसऱ्या दालनात त्यांच्या बाईंनी एका मुलीला फलक मोठ्याने वाचायला लावला. मुलीने छान वाचला, श्रमदान म्हणताना तिचा आवाज जरा उंचावला, शाळेत त्यांच्याकडे दर शनिवारी श्रमदान असतं म्हणे. तिच्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही काही सांगता का?" मी म्हटलं, "नाही, सगळं लिहिलंय त्यात." आणि आम्ही चौथ्या दालनात गेलो.

भावाला तिकीट मिळालं नाही. ते दुसऱ्याच कुणाला गेलं, फलकाचा त्यात काही संबंध नव्हता. फोन करून त्याने सांगितलं तेव्हा मी विचारलं, जेवलास का? तो म्हणाला, हो. पुढच्या भाऊबीजेला तो आला, ओवाळून घेतलं, साडी दिली. धुळ्याचं ना त्याने काढलं ना मी. आमचं बोलणं बंद झालं नाही. उलट पूर्वीपेक्षा जास्त फोन करतो, आणि आम्ही दोघंही फोन ठेवायची वाट बघत असतो.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. "मॅडम, आमच्या गावी याल का? दिवसभराचा कार्यक्रम आहे. तुमचा तो जुना मजकूर मी फ्लेक्सवर छापलाय."

चोपड्यापर्यंत एसटी, पुढे ती न्यायला आली होती. गाव डोंगराच्या पायथ्याशी. शाळेच्या पडवीत फ्लेक्स बांधला होता, माझं वाक्य अर्धविरामासकट. समोर सतरंजीवर गावातली माणसं बसली होती, बायका जास्त. जळगावला आलेले ते तरुणही आले होते. तिने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

वाद इथेही झालाच. आधी मराठीत, मग त्यांच्या बोलीत. एक म्हातारा उठून फ्लेक्सजवळ गेला, बोटाने दाखवत काहीतरी म्हणाला, तरुणांनी त्याला उत्तर दिलं, बायका मध्येच बोलल्या. आवाज चढत होते, उतरत होते. ती मला थोडं थोडं सांगत होती, मग तीही त्यात शिरली आणि माझ्याकडे बघायची राहिली. मला एक शब्द कळत नव्हता. तरी मी ऐकत राहिले. मंडळाच्या बैठकीत मला प्रत्येक शब्द कळत होता, आणि मी अर्ध्या वेळेला पंख्याकडे बघत होते.

मग एका म्हातारीने मला आमच्या अहिराणीत विचारलं, "तू कोन गावनी?"

मी गाव सांगितलं. आणि म्हटलं, "यात लिहिलीय ती विहीर आमची. माझ्या पणजोबांची."

कुणीतरी मागे बसलेल्यांना बोलीत सांगितलं. माणसं माझ्याकडे बघत होती. मी त्यांच्या नजरेत काय आहे ते शोधत होते आणि मला काही सापडलं नाही. कदाचित माझ्याच डोळ्यांना दिसत नसेल.

"पानी शे का आते?" म्हातारीने विचारलं.

"नाही. आटली. रस्ता झाला तेव्हा बुजवली."

"बरं," ती म्हणाली. ते चांगल्या अर्थाने होतं की वाईट, मला कळलं नाही, आणि तिने पुढे काही सांगितलं नाही. ती त्या म्हाताऱ्याकडे वळून पुन्हा वादात पडली. पुरुषांत कुणीतरी हसलं, कशावर ते माहीत नाही. पडवीतलं ऊन सरकत माझ्या पायांपर्यंत आलं तेव्हा मी पाय आत घेतले.

निकाल असा लागलाच नाही. संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. मी विचारलं, "काय ठरलं शेवटी?"

"काही नाही. पोरं म्हणतात शब्द काढा, म्हातारे म्हणतात त्यात माणसांची नावं घाला. नावं तर कुणाला माहीत नाहीत. पावसाळ्यापर्यंत फ्लेक्स राहू द्यायचा आणि परत बसायचं, एवढं ठरलं."

"मला बोलावशील?"

"याल?"

मी हो म्हटलं. गाडी आली. तिने माझी पिशवी आत दिली आणि खिडकीतून सांगितलं की चोपड्याला उतरल्यावर जळगावची गाडी डाव्या बाजूच्या फलाटाला लागते. मी बरं म्हटलं. चोपड्याला गाडी उजव्या बाजूला लागली होती, पण विचारल्यावर सापडली. घरी पोचले तेव्हा यांनी खिचडी करून ठेवली होती. कसं झालं, म्हणाले. मी सांगायला बसले आणि म्हातारीच्या त्या 'बरं'पाशी येऊन थांबले. ते पुढचं ऐकायची वाट बघत होते. मी त्यांना म्हटलं, पुढे काही नाही, पावसाळ्याआधी परत जायचंय.